‘जीव कावते’ऐवजी ‘भार’

त्या प्रश्नावलीतलं मराठी माझं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच वेळ इतरांवर चिडणार आहे आणि वाचणाऱ्याला ते खरं वाटायची शक्यता आहे.

मी यवतमाळला राहतो. माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झालो, बायको गेली, आता एकटाच असतो. लोक कागद तपासायला आणून देतात. कुणाची लग्नपत्रिका, कुणाच्या पतसंस्थेची स्मरणिका, कुणाचा प्रबंध. मी लाल पेन घेऊन बसतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, बोलीतले शब्द काढतो, वाक्य उभं करून देतो. या कामात मला आनंद होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संस्थेचं संशोधन आमच्या जिल्ह्यात सुरू झालं. म्हातारपणी ज्यांची स्मृती जाते, त्यांना घरात कोण सांभाळतं आणि त्या सांभाळणाऱ्याचं काय होतं, हा विषय. ज्या सांभाळणाऱ्यांची अवस्था फार ओढाताणीची असेल त्यांना संस्थेकडून एक शिकवलेली बाई मदतनीस म्हणून मिळणार होती. आठवड्यातून तीन दिवस ती घरी येऊन आजारी माणसापाशी बसणार. अवस्था ओढाताणीची आहे की नाही हे ठरवायला एक प्रश्नावली होती. तिचा मराठी मसुदा तपासायला त्यांनी माझ्याकडे पाठवला.

मसुदा घेऊन आली ती त्यांची पाहणी करणारी ताई. पांढरकवड्याकडची, चाळिशीची, आधी आशा सेविका म्हणून काम केलेली. केळापुरातल्या बायकांशी बोलून बोलून तिने इंग्रजी प्रश्न तिच्या भाषेत उतरवले होते. एक प्रश्न असा होता: ‘त्यायचं करता करता तुमचा जीव कावते काय?’ आणि खाली: ‘घडीभर एकटं बसाले भेटते काय?’

जीव कावणे म्हणजे थकून वैतागून जाणं हे मला ठाऊक होतं, तरी मी दोन्हींवर रेघ मारली. पहिल्याच्या जागी लिहिलं, ‘या व्यक्तीच्या देखभालीचा भार आपणांस जाणवतो का?’ दुसऱ्याच्या जागी, ‘आपणांस पुरेसा एकांत मिळत नाही असे वाटते का?’

ताईने दोन्ही वाक्यं पुटपुटून बघितली. “सर, बाया असं नाही बोलत.”

“बोलत नसतील. पण हा छापील कागद आहे.”

“छापील हाय, पन मलेच वाचून दाखवा लागते ना. त्या माह्या तोंडाकडे पायतात.”

“मग त्या निमित्ताने चार चांगले शब्द त्यांच्या कानावर पडतील.”

ती हसली. मीही हसलो. तिने चहा घेतला आणि कागद घेऊन गेली. सगळे मिळून बावीस प्रश्न होते. बावीसही मी नीट केले.

आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. पुण्याच्या वसतिगृहात मेसमध्ये मी एकदा “मले भात नको” म्हणालो, आणि पुढचे तीन महिने त्या टेबलावर भात आला की कुणीतरी “मले, मले” करायचं. मी रडलो नाही, भांडलो नाही. मी तो शब्द तोंडातून काढून टाकला. त्याच्या मागोमाग बाकीचे गेले. नंतर मी शिक्षक झालो आणि दुसऱ्यांच्या तोंडातून काढू लागलो. हे सगळं मला त्या दिवशी आठवलं नव्हतं. त्या दिवशी मला फक्त वाक्य दिसत होतं.

आता दादाबद्दल. माझा मोठा भाऊ दिग्रसला राहायचा. सातवीनंतर तो तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, म्हणून मी शिकू शकलो. आधी गाड्या रिकाम्या करायचा, मग कापूस पारखायला शिकला. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून तो ओढायचा, पुन्हा जुळवून ओढायचा, आणि धागा किती लांब निघतो, ओल किती आहे, कुठल्या गावचा माल आहे, हे सांगायचा. व्यापारी त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मला त्याचा त्या वेळी जेवढा अभिमान वाटायचा तेवढा मी त्याला कधी सांगितला नाही.

आजार सुरू झाला तेव्हा तो आधी माणसं विसरला. मी रविवारी यवतमाळहून दारव्ह्यामार्गे एसटीने जायचो. तो दारात उठून उभा राहायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, “या मास्तर.” शाळेतला कुणी आला असावा अशा अदबीने. भाऊ म्हणून त्याने मला शेवटच्या दीड वर्षात एकदाही हाक मारली नाही. कापूस मात्र विसरला नव्हता. उशा, गाद्या, शेजारणीच्या देव्हाऱ्यातल्या वाती, जिथे कापूस सापडेल तिथे तो उसवायचा, ओढून बघायचा, आणि वहिनीला म्हणायचा, “ओला हाय. गाडी वापस ने.”

“नेतो बाप्पा,” वहिनी म्हणायची; आमच्याकडच्या बायका ‘नेते’ नाही, ‘नेतो’ म्हणतात. “कोनत्या गावची हाय तेवढं सांगा.”

“राळेगाव.”

“तरीच. त्यायची दरवर्षीची खोडी हाय.”

अशी ती त्याच्याशी बोलायची. दिवसातून दहा वेळा तीच गाडी, तोच कापूस. त्याला अंघोळ घालायची, भरवायची, दार उघडं राहिलं तर बाजारापर्यंत मागे पळायची. पुतणी आदिलाबादला, तिला दुसरं मूल नुकतंच झालेलं. शेजारणी चांगल्या होत्या, पण तासभरापेक्षा जास्त कुणी टिकत नसे. दादा अनोळखी बाईला बघून काठी उचलायचा.

त्याच सुमारास वहिनी दाराच्या चौकटीला धडकायला लागली. डाव्या बाजूचं तिला दिसत नव्हतं. गावात नेत्र शिबिर झालं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. मोतीबिंदूसारखा नाही, ह्यात गेलेली नजर परत येत नाही. नागपूरला जाऊन दाखवा, दोन-तीन दिवस लागतील, उशीर करू नका.

वहिनीने चिठ्ठी डब्यात ठेवली. “तीन दिवस यायले कोनापाशी ठेवू?” एवढंच म्हणाली.

मी त्यावर विचार केला आणि मला उपाय सापडला. संशोधनातली मदतनीस. मीच ताईला फोन केला, दादाचं नाव दिलं. ताई म्हणाली, मदतनीस मंजूर झाली तर नागपूरच्या तीन दिवसांसाठी ती दिवसभर थांबेल अशी सोय मी करून घेते, एक बाई आहे, तिला अशी माणसं सांभाळता येतात. फक्त प्रश्नावलीत गुण भरले पाहिजेत. मी निर्धास्त झालो. वहिनीची अवस्था ज्याला दिसत नाही असा माणूस नव्हता.

ताई आली त्या रविवारी मी तिथे होतो. दादाची तपासणी आधी झाली. त्यात काही अडचण नव्हती. तारीख, वार, तीन शब्द लक्षात ठेवणं, सगळ्यात शून्य. मग तिने टॅबलेट वहिनीसमोर ठेवला, ध्वनिमुद्रण सुरू केलं. नियम तिने आधी सांगितला होता. प्रश्न छापला आहे तसाच वाचायचा. दोनदा वाचायचा. अर्थ सांगायचा नाही. घरातल्या दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. नागपूरला मुद्रण ऐकतात आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तो कागद बाद करतात.

दादा बाजूलाच उशी ओढत बसला होता.

ताईने वाचलं, “या व्यक्तीच्या देखभालीचा भार आपणांस जाणवतो का?”

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे. “भारा?”

ताईने दुसऱ्यांदा वाचलं.

“आता कायचा भारा वो बाई,” वहिनी म्हणाली. “पयले आनत होतो जंगलातून, डोक्शावर. आता गॅस हाय ना घरी. दाखवू काय?”

मला हसू आलं. खरंच आलं. ताईला आलं नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बोटाने पडद्यावर खूण केली: कधीच नाही.

“आपणांस पुरेसा एकांत मिळत नाही असे वाटते का?”

वहिनीने पदर तोंडावर घेतला. “इश्श. देरासमोर काहीबी इचारता तुम्ही. या वयात एकांत!”

कधीच नाही.

“आपल्या वैयक्तिक आयुष्यावर विपरीत परिणाम झाला आहे का?”

“वय झालं बाप्पा, परिनाम त होनारच. पन तसं काही नाही. मानूस चांगला हाय.” हे शेवटचं तिने दादाकडे बघून, जरा मोठ्याने म्हटलं. नवऱ्याच्या देखत नवऱ्याबद्दल परक्या बाईला अजून काय सांगतात?

आता मला हसू येत नव्हतं. माझी वाक्यं एकामागून एक येत होती, शुद्ध, रेखीव, आणि प्रत्येक वाक्य वहिनीला अडवून पुढे जात होतं. मी तोंड उघडलं असतं आणि एकच शब्द म्हटला असता, कावते, तर तिने पुढचा तासभर सांगितलं असतं. पण मग कागद बाद झाला असता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं आणि गप्प बसलो. बावीस प्रश्न झाले. ताईने मुद्रण बंद केलं.

“सर, आता तुम्हीच सांगा, मी काय करू?” ती हळू म्हणाली.

पंधरा दिवसांनी निकाल आला. ‘काळजीवाहकावरील भार: अत्यल्प.’ मदतनीस नाही. एक पुस्तिका पाठवली होती, स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीशी संवाद कसा साधावा. तिचंही मराठी चांगलं होतं.

मग मी पत्रं लिहायला सुरुवात केली. पहिलं पत्र चार पानांचं होतं. ‘भार’ आणि ‘भारा’ यांतला फरक, वऱ्हाडीत ‘कावणे’ या क्रियापदाच्या छटा, प्रश्न नवऱ्यासमोर विचारल्याने उत्तर कसं बदलतं, सगळं मुद्देसूद. चूक माझी आहे हेही लिहिलं. उत्तर आलं, सूचनेबद्दल आभार, पण प्रश्नावली अंतिम झालेली आहे, अभ्यास चालू असताना शब्द बदलता येत नाहीत, बदलले तर आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांची तुलना होणार नाही. मी दुसरं पत्र लिहिलं. मग फोन. फोनवर एक तरुण, सुसंस्कृत आवाज म्हणाला, “सर, तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतोय. पण आमचे हात बांधलेले आहेत. सहा महिन्यांनी पुनर्मूल्यांकन असतं, तेव्हा बघू.” मी म्हणालो, डोळा सहा महिने थांबत नाही. तो म्हणाला, “आय अंडरस्टँड सर.” मी म्हणालो, तुम्हाला बाईची अवस्था मोजायची आहे की माझे शब्द? त्याने पुन्हा पुनर्मूल्यांकनाची तारीख सांगितली.

मी तिसरं पत्र लिहिलं. मी चौथंही लिहिलं. माझ्या आयुष्यात मी इतकं जीव तोडून काही लिहिलं नव्हतं. दर रविवारी दिग्रसला जायचो आणि वहिनीला पत्राची प्रगती सांगायचो. ती ऐकायची. एकदा म्हणाली, “तुम्ही गंज मेहनत करून राह्यले भाऊजी.” गंज म्हणजे पुष्कळ; मी ते कौतुक समजलो.

दादा फेब्रुवारीत गेला. पाच दिवस ताप, छाती भरली, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. शेवटी शेवटी त्याचे अंगठे चादरीच्या काठावर चालत होते. विहारातले भंतेजी आले, वंदना झाली, वस्तीतली माणसं जमली. जिनिंगमधले दोन म्हातारे हमाल आले होते. त्यातला एक मला म्हणाला, “तुमच्या दादाचं बोट खोटं बोलत नव्हतं साहेब.” मला ‘साहेब’ ऐकून कसंतरी झालं. माझ्या भावाच्या मयतीत मी पाहुणा होतो.

तीन आठवड्यांनी मी वहिनीला नागपूरला नेलं. दोन दिवस लागले. डॉक्टरीण बाईंनी डावा डोळा बराच वेळ तपासला आणि म्हणाल्या, हा आता गेला. उजव्यातही सुरुवात आहे, थेंब रोज घातले तर तो टिकेल. सहा महिने आधी आला असतात तर डाव्यातलं बरंच वाचलं असतं. त्यांनी हे रागाने नाही, माहिती म्हणून सांगितलं. वहिनीने मान डोलावली आणि विचारलं, थेंब जेवणाआधी की नंतर.

मार्चअखेर ताई आली. सहा महिन्यांचं पुनर्मूल्यांकन करायला. दादा गेल्याचं कार्यालयाला मी कळवलं होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. भिंतीवर हार घातलेला फोटो बघून ती उंबऱ्यातच थांबली. मग आत येऊन बसली, टॅबलेट पिशवीतून काढलाच नाही. पिशवी बाजूला सरकवून वहिनीच्या जवळ सरकली.

“माय, जीव कावला व्हता ना तुमचा?”

वहिनी बोलायला लागली. दोन वर्षांत एकदाही सलग झोप नाही. तो काठी मारायचा तो डावा दंड अजून दुखतो. संडासला जायचं तरी दाराला दोरी बांधून तिचं टोक हातात धरून बसायची. एकदा त्याला इतकं जोरात ढकललं की तो पडला, आणि ती त्याच्याजवळ बसून त्याला “मारा मले, मारा” म्हणत राहिली. एकदा मनात आलं की हा बाजारात हरवला तर बरं, आणि त्या विचाराने तिने दोन दिवस जेवण केलं नाही. “त्यायनं देवाघरी जावं अशी वाट नाही पायली मी,” ती म्हणाली, “पन थकलो वो बाई. गंज थकलो.”

तासभर झाला असेल. ताईने एक अक्षर लिहिलं नाही. मी कोपऱ्यात खुर्चीवर होतो. बावीसच्या बावीस प्रश्नांची उत्तरं त्यात होती.

ताई गेल्यावर मी वहिनीला सांगितलं. ते प्रश्न माझे होते. ताईने तुमच्या भाषेत लिहिले होते, मी बदलले. मी बदलले नसते तर मदतनीस मिळाली असती, तुम्ही वेळेवर नागपूरला गेला असता. हे सांगायला मला सहा महिने लागले होते. वाक्यं मी एसटीत जुळवून ठेवली होती.

तिने शांतपणे ऐकलं. ती तुरीची डाळ निवडत होती, सुपाला चेहरा फार जवळ नेऊन.

“ते काही मले समजत नाही भाऊजी,” ती म्हणाली. “पन तीनच दिवसाची गोष्ट होती ना? मंग तुम्हीच काहून नाही बसले त्यायच्यापाशी?”

तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“मी वाट पायली,” ती म्हणाली. “म्हटलं, या रविवारी म्हनतीन, त्या रविवारी म्हनतीन. तुम्ही कागदच वाचून दाखवत राह्यले.”

तिने आवाज चढवला नव्हता. मी आजपर्यंत जे कारण स्वतःला सांगत आलो ते असं की दादा मला ओळखत नव्हता, मी हात लावला तर घाबरला असता. ते खरंही आहे. पण त्या पावसाळ्यात एका रविवारी वहिनी दुकानात गेली होती तेव्हा दादाने कपडे घाण केले. तो तसाच उभा होता, मला म्हणत होता, “मास्तर, पानी द्या जरा.” मी बाहेर अंगणात येऊन उभा राहिलो. वीस मिनिटं. वहिनी आली, मला अंगणात बघितलं, पिशवी माझ्या हातात दिली आणि आत गेली. तिने तेव्हा काही विचारलं नाही, पण ते बघितलं म्हणूनच ती नंतर कधी म्हणाली नाही की भाऊजी, तीन दिवस बसा. मला वाटत राहिलं की तिला ते आठवत नसेल.

संस्थेवरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यांनी शब्द बदलायला हवे होते. बाईला नवऱ्यासमोर बसवून असे प्रश्न विचारतात कुणी? हे मी आजही लिहून देईन. पण चार पत्रं लिहायला मला जेवढे दिवस लागले, त्यापेक्षा ते तीन दिवस कमी होते. हा हिशेब मला कुणी करून दाखवायची गरज नव्हती, तरी तो वहिनीने केला तेव्हाच मला दिसला.

डाळ निवडून झाली. तिने सूप बाजूला ठेवलं, डब्यातून नागपूरची चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली.

“हे पाहा बरं, कधी बलावलं?”

“सतरा तारखेला. दुपारी बारा वाजता.”

“मले एकटीले त्या मोठ्या दवाखान्यात काही समजत नाही. तुम्ही येता, का इथूनच चिठ्ठी लिवता त्यायले?”

“येतो,” मी म्हणालो.

“मंग आदल्या दिवशीच येजा. मुक्कामाले. सकाळची गाडी सहाची हाय.” ती उठली आणि आत जाताना डावीकडची खुर्ची चुकवायला हात पुढे केला, तो हवेतच राहिला, कारण खुर्ची अजून दोन वीत लांब होती. मी ती उचलून भिंतीशी लावली.